आजीला बंडाचं विचारू नका, भाताचं विचारा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुणाच्याही ओसरीवर बसून पोर्तुगिजांविरुद्धच्या बंडाबद्दल '1895 च्या बंडात काय झालं?' असं विचारा. बंडाचे पुढारी दादा राणे, रान, बंदुका, सगळं ऐकायला मिळेल. बाई एकही नाही. मी वाळपईची, शाळेतून निवृत्त झाल्यापासून हेच गोळा करत फिरते, आणि पहिली दोन वर्षं चुकीचाच प्रश्न विचारत होते.

मोझांबिकला लढायला जायचा हुकूम आला, पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांनी नकार देऊन सत्तरीची वाट धरली, तो महिना सप्टेंबर. सरद, म्हणजे पावसाळी भात पिकायचे दिवस! तेव्हा विचारायचं ते असं: पुरुष रानात, मग कापणी कुणी केली? मळणीला बैल कुणी हाकले? घरात किती कुडव (भाताचं माप) आलं? उकडे तांदूळ करायला भाण, म्हणजे भात उकडायचं मोठं भांडं, चुलीवर कुणी चढवलं, कांडलं कुणी? रानात जेवण कोण पोचवायचं? या शेवटच्या प्रश्नावर एक म्हातारी मला हसली. "पेज न्हेतात काय गो रानात? भाकरी. पाटीत तळाला, वर पाला." तिच्या आजेसासूकडून ऐकलेलं. बंडाचं विचारलं होतं तेव्हा तिला काहीच माहीत नव्हतं.

दुपारी पेज झाल्यावर जा. रिकाम्या हाताने समोर बसू नका. आदोळी (विळी) ओढून घ्या, नारळ खोवा. मोबाईल रेकॉर्डिंगला ठेवाल तर स्वयंपाकघरापासून लांब. माझ्याकडे चाळीस मिनिटांचा नुसता मिक्सर आहे. ओव्या गातील त्या टिपून घ्या, पण ओवीतला 'भाऊ शिपाई' बघून साल ठरवू नका.

सालाचा घोळ होतोच. दिपाजी राण्यांचं बंड 1852 चं, आणि नाणूसचा किल्ला दोन्हींत येतो, त्यामुळे किल्ल्याच्या नावाने काही कळत नाही. दिपाजी की दादा, एवढं विचारा आणि पिढ्या बोटांवर मोजा. पोर्तुगालच्या राजाचा भाऊ लिस्बनहून फौज घेऊन आल्याचं कुणी बोललं, तर ते 1895 चं.

मग पणजीला पुराभिलेखात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या कचेरीत जा. पोर्तुगीज कागदांत शिपायाचं नाव मिळेलही. त्याच्या बायकोचं मिळेल अशी आशा धरू नका. ते ओसरीवरच मिळवायचं. माहेरचं गाव लिहा. लग्नात नाव बदललेलं असतं, म्हणून दोन्ही नावं विचारा, आणि दुसरं आठवेपर्यंत नारळ खोवत राहा.