कपाशीतली डोमकळी आणि तिपटीचा हिशोब

चोपडा, यावल, रावेरकडच्या बागायती कपाशीला आता पाते-फुलं लागली आहेत. कोरडवाहू कपाशी मागून येतेय. गुलाबी बोंडअळीची पहिली पिढी याच आगाप फुलांवर वाढते आणि नंतर शेजारच्या रानात जाते. म्हणून येते पंधरा दिवस शेतात चक्कर मारताना नजर फुलांवर ठेवा. न उमलता पाकळ्या चिकटून राहिलेलं, गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं फूल म्हणजे डोमकळी. आत अळी असते. तोडा, पिशवीत भरा, नष्ट करा. तोडून सरीत टाकू नका, अळी तिथूनच कोषात जाते.

'चार-दोन डोमकळ्यांनी काय होतं?' असं दरवर्षी ऐकतो. कागदावर मांडून बघा. समजा, एका मादीने 150 अंडी घातली आणि शंभरातल्या 96 अळ्या मोठ्या होण्याआधीच मेल्या. उरले सहा पतंग, त्यात तीन माद्या. म्हणजे दर पिढीला तिप्पट. खान्देशच्या उष्ण हवेत पिढी साधारण महिन्याची धरली, तर चार पिढ्यांत एकीच्या 81 होतात. आता शंभरातल्या 96 ऐवजी 98 मेल्या असं धरा. माद्यांची वाढ दीडपट राहते आणि चार पिढ्यांनंतर आकडा जेमतेम पाच. मरणाऱ्यांत फरक फक्त दोनचा! ट्रायकोकार्ड (बोंडअळीची अंडी नष्ट करणाऱ्या मित्रकीटकाचं कार्ड), पाच टक्के निंबोळी अर्क आणि डोमकळ्या वेचणं, यांचं काम हे वरचे दोन मारण्याचं. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण गणिताची चाल हीच.

अशी पटीतली वाढ कायम चालत नाही. 1838 साली बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट या गणितज्ञाने याचं समीकरण मांडलं: खाद्य आणि जागा संपत आली की वाढ मंदावते आणि वर चढणारी रेघ आडवी होते. वहीत हे छान दिसतं. आपल्या शेतात मात्र अळीचं खाद्य म्हणजे आपलीच बोंडं, त्यामुळे रेघ आडवी होण्याची वाट पाहून चालत नाही.

एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर. त्यातली वासाची गोळी तीन-चार आठवड्यांनी बदला. पतंग रोज मोजा आणि लिहा. नुसता सापळा टांगून अळी कमी होत नाही. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले, शंभर फुलांत दहा डोमकळ्या दिसल्या, किंवा एकरातून तोडलेल्या 20 हिरव्या बोंडांपैकी दोनांत अळी निघाली, की फवारणीची वेळ झाली. बोंड फोडूनच बघा, बाहेरून ते निरोगी दिसतं. औषध आणि मात्रा पाल, ममुराबाद, धुळे किंवा नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून ठरवा. दुकानदार म्हणतो म्हणून आत्ताच सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारू नका, पांढरी माशी उसळते.

राहिला सुरुवातीच्या माद्यांचा आकडा. पहिल्या पिढीचे बरेचसे पतंग मागच्या वर्षीच्या फरदडीतून (वेचणी संपल्यावरही राखलेल्या कपाशीतून) आणि बांधावर रचलेल्या पऱ्हाटीतून (कपाशीच्या वाळक्या झाडांतून) निघतात. किडक्या बोंडांत अळी उन्हाळाभर झोपून राहते. 2017 साली बोंडअळीने राज्यभर जो फटका दिला, त्यानंतरही कित्येक बांधांवर हे ढीग आहेतच. यंदाचं पीक डिसेंबरअखेर काढा आणि पऱ्हाटी चुलीसाठी रचून ठेवायची असेल, तर त्याआधी तिची सगळी बोंडं झाडून जाळा.