मोडक्या हाडाचा अर्थ लावण्याआधी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जी मुलं इतिहास घेऊन बीए झाली आणि आता पुण्याला डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एमए करायचं म्हणतात, त्यांच्यासाठी हे. थर, खड्डा, नोंदवही हे तुम्हाला माहीत असणारच. दफनात नवख्याला सगळ्यात जास्त फसवतं ते मोडलेलं हाड.

कवटीला भेग दिसली की ‘डोक्यात घाव’ असं लिहायला हात शिवशिवतो. थांबा, आधी कड बघा. कड गोलसर झालेली, नवं हाड भरून आलेलं असेल, तर माणूस त्या जखमेनंतर जगला. कड धारदार, गुळगुळीत आणि रंग बाकीच्या हाडासारखाच असेल, तर हाड ओलं, म्हणजे ताजं असताना, मरणाच्या आगेमागे मोडलं. कड खडबडीत, तुकडा काटकोनात तुटलेला असेल, तर ते वाळल्यावर जमिनीत मोडलं. आणि आतून पांढरट, फिकी कड म्हणजे बहुतेक आपल्याच खुरपीचा धक्का. हाडावरच्या चरांचंही तसंच. झाडाची मुळं नागमोडी चर पाडतात, उंदीर-घुशींच्या दातांचे चर समांतर असतात, सुरीचा चर अरुंद आणि खोल. भिंग घ्या, उजेड तिरका पाडा. वहीत ‘उजव्या मांडीच्या हाडावर 3 चर, कडा फिक्या’ एवढंच लिहा. ‘बळी’ हा शब्द वहीत नको, तो अहवालाच्या शेवटी पुरावा पुरला तर येईल.

मातीही खोटं बोलायला लावते. अथणीकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या ताणानंच हाडं तुटतात. खानापूरच्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत तर हाड विरून जातं. तिथं खड्डा रिकामा दिसला म्हणून प्रेत नव्हतंच, असं म्हणू नका.

मग निष्कर्ष काढायचाच नाही का? काढायचा, पण पुनरावृत्ती बघून. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या लोकांच्या, घरांच्या जमिनीखाली दफनं सापडली. लहान मुलं दोन कुंभांची तोंडं जोडून आत ठेवलेली, आणि प्रौढांच्या सांगाड्यांना पावलं नाहीत. एकाच सांगाड्याची पावलं गेली असती तर नांगर, कोल्हा, काहीही म्हणता आलं असतं. तेच पुन्हा पुन्हा दिसलं, म्हणून ती रीत ठरते. मृतानं परत येऊ नये म्हणून तसं केलं, हा मात्र अंदाज, आणि अंदाज म्हणूनच लिहायचा.

वयाचं सोपं आहे. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या, दुसरी बाराव्याच्या सुमारास येते. गळ्याच्या हाडाचं आतलं टोक पंचविशीच्या आसपास जुळतं. त्यापुढे फक्त वयोगट सांगा, नेमका आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. स्त्री-पुरुष ठरवायला आधी कटीचं हाड, मग कवटी. लहान मुलांचं लिंग नुसत्या हाडावरून ठरवू नका.

उचलण्याआधी मापपट्टी आणि उत्तरदर्शक बाण ठेवून फोटो घ्या. हाडाजवळ लोखंड नको, बांबूची काडी आणि मऊ ब्रश चालवा. वर सावलीचं कापड धरा, नाहीतर उन्हात हाड तडकतं. आजूबाजूची माती बारीक चाळणीतून काढा, मुलांचे दात तिथंच मिळतात. ओलं हाड प्लॅस्टिकमध्ये बंद केलं की बुरशी धरते. फेविकॉल, वार्निश, काही लावू नका. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळाच्या हाडांच्या 61 नमुन्यांपैकी फक्त 1 नमुन्यातून डीएनए हाती लागला. आपल्या उष्ण हवेत तो इतका कमी टिकतो, त्यात उघड्या हातानं तुमच्या डीएनएची भर नको.

दोन दिवसांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटनं यातलं काहीच येत नाही, हे आमचं ठाम मत. मार्गदर्शक निवडताना, फोटोत शेजारी उभं करणारा नको, हाडं टेबलावर मांडून ‘डावं की उजवं, सांग’ म्हणणारा शोधा. सुरुवातीला ओळखता आलं नाही तरी घाबरू नका, सगळ्यांनाच वेळ लागतो. तोवर गावच्या मटणाच्या दुकानातून शेळीच्या पायाची हाडं आणून उकडून स्वच्छ करा. खुराच्या लगेच वरच्या नळीच्या हाडावर मधोमध उभी खाच आणि खालच्या टोकाला दोन गोळे दिसतील. माणसाला असं हाड नसतं. उत्खननात लहान मुलाचं म्हणून आलेलं शेळीचं हाड तुम्ही तिथंच बाजूला काढाल.