फोर्क उघडायची तयारी: आधी खालचा बोल्ट

जुन्या मोटारसायकलचे पुढचे फोर्क उघडायचे असतील तर बॉटमच्या, म्हणजे फोर्कची नळी ज्यात सरकते त्या खालच्या भागाच्या बुडाशी, खोल भोकात बसलेला ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेला) आधी बघा. १९७०-८०च्या बहुतेक गाड्यांत तो असतो. स्प्रिंग आत असतानाच तो सैल करायचा. टॉप नट, म्हणजे नळीच्या वरच्या तोंडावरचं झाकण, काढण्याआधी. कारण हा खालचा बोल्ट आतल्या डॅम्पर रॉडमध्ये (फोर्कचे हेलकावे आवरणाऱ्या दांड्यात) बसतो आणि त्या रॉडला जागेवर धरतो तो फक्त स्प्रिंगचा दाब. स्प्रिंग निघाली की बोल्टाबरोबर रॉडही गरागरा फिरतो आणि मग नळीत झाडूचा दांडा तासून खुपसायची पाळी येते. मागच्या खेपेला तो दांडाही आत घसरत होता.

हत्यारं नेहमीचीच. ॲलन की मात्र चांगल्या पोलादाची, लांब, झिजलेली नको. बोल्टाच्या डोक्यातला चिखल सुईने कोरून काढा, की हातोडीने हलकी ठोकून पूर्ण आत बसवा. डोकं गोल झालं तर ड्रिलच मारावं लागेल.

ऑइल सील (फोर्कमधलं तेल बाहेर गळू न देणारं रबरी कडं) मागवताना गाडीचं नाव पुरत नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, तिन्ही आकडे जुन्या सीलवर छापलेले असतात, ते जुळवा. सोबत डस्ट सील (धूळ अडवणारं वरचं रबर) आणि त्या खालच्या बोल्टाचे तांब्याचे वॉशर, दोन्ही बाजूंना नवे. जुना वॉशर परत लावला तर तेल तिथूनच ठिबकतं आणि आपण उगाच सीलला शिव्या घालतो.

पैसे खर्चण्याआधी नळ्या तपासा. सील घासतो त्या पट्ट्यात क्रोमला खड्डे असतील तर नवा सील थोड्याच दिवसांत फाटेल. गंजाचे बारीक ठिपके मऊ पॉलिशपेपरने निघतात, नख अडकेल असे खड्डे निघत नाहीत. ती नळी क्रोमिंगला तरी द्या, नाहीतर बदला. काचेवर लोळवून वाक आहे का तेही बघा. स्प्रिंगची लांबी मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून घ्या.

गाडी डबल स्टँडवर, इंजिनखाली जॅक. जॅक डुगडुगत असेल तर काम सुरूच करू नका. वरच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला करून टॉप नट जेमतेम पाव फेरा हलवा, काढू नका. नळी हातात आल्यावर तो हलता हलत नाही. चाक काढा, डिस्क ब्रेक असेल तर त्याचा कॅलिपर दोरीने टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. आता खालचा बोल्ट. हो, आत्ताच, फोर्क गाडीवर असताना. खाली ट्रे ठेवा, तेल येणार. रॉड फिरतोय असं वाटलं तर कुणालातरी बॉटम वर दाबून धरायला सांगा, स्प्रिंग जास्त आवळली जाते.

त्यानंतर टॉप नट. शेवटच्या आट्यांना तळहाताने दाबून धरा, तोंड बाजूला ठेवा, चष्मा लावा. स्प्रिंग तो नट उडवते.

बाकी उघडणं सरळ आहे. सील अडवणारी सर्क्लिप (तारेची कडी) काढून मगच नळी खेचायची, एवढं ध्यानात असू द्या. सगळं रॉकेलने धुवा. नवा सील चढवताना नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, म्हणजे सीलचा ओठ कापला जात नाही. सीलची बारीक स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे. ठोकायला योग्य मापाचा पीव्हीसी पाईप चालतो, स्क्रूड्रायव्हर नाही.

जोडताना पुन्हा तोच खालचा बोल्ट! स्प्रिंग आणि टॉप नट तात्पुरते लावा, बोल्ट नव्या वॉशरसकट आवळा, मग परत वरून उघडून तेल भरा. ग्रेड मॅन्युअलप्रमाणे. पातळी फोर्क पूर्ण दाबून, स्प्रिंग बाहेर ठेवून मोजायची, दोन्ही बाजूंना सारखी.

चाक लावा, ॲक्सलचा पिंच बोल्ट (ॲक्सल चिमटीत धरणारा) ढिला ठेवून फोर्क चार-पाचदा दाबा, मग आवळा. डिस्क असेल तर निघण्याआधी ब्रेकचा लिव्हर पंप करा, पहिला दाब पोकळ जातो.