गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतरचे व्यायाम: या चुका टाळा

गर्भपिशवी काढल्यावर ‘खालच्या स्नायूंचे व्यायाम करा’ एवढंच सांगून बाईला घरी पाठवलं जातं. कसे करायचे, हे बहुतेकदा सांगायचं राहून जातं. मग ती आपल्या मनाने सुरू करते आणि नेमकी उलटी हालचाल करते. स्नायू वर ओढायचे, ते खाली ढकलले जातात.

हे खालचे स्नायू म्हणजे पेल्विक फ्लोअर: ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले स्नायू. मूत्राशय, योनीमार्ग आणि गुदाशय यांना खालून आधार त्यांचाच. कुंथल्यासारखा जोर केला की झोळी खाली दबते आणि आतल्या टाक्यांवर ताण येतो. म्हणून उताणं झोपा, गुडघे वाकवा. वायू अडवताना आवळतो तसं मागून आवळायला लागा, तीच आवळ लघवीच्या जागेपर्यंत पुढे आणा आणि आत-वर ओढा. मांड्या नि नितंब सैल. श्वास रोखायचा नाही. आकडे मोठ्याने मोजलेत की तो आपोआप चालू राहतो. आरशात पाहिलंत तर गुदद्वार आणि योनीमार्ग यांच्यामधली जागा आत जाताना दिसायला हवी. बाहेर फुगत असेल तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

दुसरी चूक फारशी कुणी बोलत नाही: आवळून झाल्यावर पूर्ण सोडायचंच राहतं. जेवढा वेळ आवळलंत, निदान तेवढा वेळ सैल सोडा. सतत आखडलेला स्नायूही दुबळाच असतो. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, आत दुखतं, अशा वेळी व्यायाम वाढवणं हा उपाय नव्हे.

लघवीची धार मध्येच अडवणं हा व्यायाम समजू नका. रोज असं केल्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

घाई नको. लघवीची नळी काढल्यावर, सर्जनने होकार दिला की हलकं आवळणं सुरू करता येतं. २-३ सेकंदांपासून हळूहळू १० सेकंदांपर्यंत जा. एका वेळी ८ ते १०, दिवसातून ३ वेळा. फरक पडायला साधारण ३ महिने लागतात, आणि नेमक्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून बऱ्याच जणी सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. पोट कमी करायला उताणं झोपून धड उचलणं (सिट-अप्स) किंवा दोन्ही पाय एकदम उचलणं मात्र इतक्यात नकोच. जड वजनही साधारण ६ आठवडे नको.

शौचाला कुंथलात तर केलेली मेहनत वाया जाते. पायाखाली छोटं स्टूल घ्या, पुढे झुका. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटताच आधी आवळा, मग खोका.

ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, वाढता रक्तस्राव किंवा लघवी अडकणं दिसलं तर व्यायाम बंद करून लगेच डॉक्टरांना दाखवा. पोटरी सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी, आणि अचानक धाप लागली तर क्षणभरही न थांबता.