जावात रिमूव्ह भलतंच काढतं आणि कंपेअरिंग अडून बसतं, तेव्हा काय करायचं

समजा जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत इंटीजरची (पूर्णांकांची) लिस्ट आहे, आत ५, ९, १. रिमूव्ह(१) लिहिलं की वाटतं १ जाईल, पण उडतो ९! कारण लिस्टकडे रिमूव्ह दोन आहेत, एक इंडेक्सचा (शून्यापासून मोजलेल्या जागेचा) इंट घेणारी आणि एक ऑब्जेक्ट घेणारी, आणि कंपायलर आधी बॉक्सिंगशिवाय (साधा इंट इंटीजर ऑब्जेक्टमध्ये न गुंडाळता) जुळणारी मेथड शोधतो, ती सापडली की पुढे बघतच नाही. व्हॅल्यू काढायची तर रिमूव्ह(इंटीजर.व्हॅल्यूऑफ(१)) लिहा.

बरं, तीच लिस्ट कलेक्शन या जास्त व्यापक टाइपच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली तर रिमूव्ह(१) खरंच १ काढतं, कारण तिथे ऑब्जेक्टवालीच मेथड दिसते. म्हणून व्हार (टाइप कंपायलरला ठरवू देणारा शब्द) वापरताना सांभाळा. उद्या कोणी मेथडचा रिटर्न टाइप कलेक्शन बदलून लिस्ट केला तर तुमच्या ओळीचा अर्थ गुपचूप बदलणार आणि कंपायलर हूं की चूं करणार नाही. अशा जागी टाइप हाताने लिहिलेला बरा.

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार. पर्सनची लिस्ट नावाने लावायला लिस्ट.सॉर्ट(कंपॅरेटर.कंपेअरिंग(पी -> पी.गेटनेम())) मस्त चालतं, पण क्रम उलटा करायला कंपेअरिंगच्या शेवटी .रिव्हर्स्ड() जोडलं की एरर येते, गेटनेम सापडत नाही, पी तर ऑब्जेक्ट आहे म्हणे. होतं असं की आधी सॉर्टला काय हवंय ते कंपेअरिंगपर्यंत पोचत होतं, मधे डॉट आला की ती वाट बंद, आणि लॅम्ब्डावर (बाणवाल्या बिननावाच्या फंक्शनवर) टाइप लिहिलेला नसल्यामुळे कंपायलर सरळ ऑब्जेक्ट धरतो. एरर गेटनेमवर दिसते म्हणून क्लास उकरत बसू नका. लॅम्ब्डात (पर्सन पी) असं लिहा, किंवा पर्सन::गेटनेम हा मेथड रेफरन्स (मेथडचं नुसतं नाव) द्या, मला दुसरं आवडतं. फक्त गेटनेम ओव्हरलोड केलेली (त्याच नावाच्या अनेक मेथड्स) असेल तर मेथड रेफरन्सही फसतो, मग टाइपवाला लॅम्ब्डाच.

इंटीजरच्या स्ट्रीमवर मॅप(इंटीजर::टूस्ट्रिंग) अडतं तेही ओव्हरलोडमुळेच, एक टूस्ट्रिंग ऑब्जेक्टवरची आणि एक इंट घेणारी स्टॅटिक (थेट क्लासवरची), दोन्ही बसतात. स्ट्रिंग::व्हॅल्यूऑफ टाका, सुटलं.

स्वतःची लायब्ररी लिहिताय आणि दोन मेथड्स वेगवेगळी फंक्शनल इंटरफेस (जिथे लॅम्ब्डा देता येतो असे टाइप) घेतात? मग नावंच वेगळी ठेवा, जावात कंपेअरिंग आणि कंपेअरिंगइंट वेगळी ठेवलीत तशी.