उपकरणापासून आरोग्यापर्यंत : विकसनशील देशांतील उपयोजित संशोधनाची आखणी कशी करावी

पाणी निर्जंतुक करणारे यंत्र, कमी धूर करणारी चूल किंवा उन्हात कमी तापणारे छप्पर तयार करणाऱ्या गटाला निधी देणारी संस्था शेवटी एकच प्रश्न विचारते : यामुळे लोकांचे आजारपण कमी झाले का? प्रश्न रास्त आहे; परंतु त्याच्या उत्तराकडे थेट धाव घेणारे प्रकल्प बहुतेक वेळा असा निष्कर्ष हाती घेऊन परततात, की ज्यातून पुढच्या माणसाला काहीच शिकता येत नाही. ‘फरक आढळला नाही’ या वाक्याचा अर्थ यंत्र बिघडले असा होतो, लोकांनी ते वापरले नाही असा होतो, किंवा वापरूनही रोगाचे कारण भलतीकडेच होते असाही होतो, आणि यांपैकी नेमके काय घडले हे मोजलेलेच नसते. म्हणून पुढील मार्गदर्शनाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे : उपकरण आणि आरोग्य यांच्यामधली साखळी आधी कागदावर मांडावी, प्रत्येक कडी स्वतंत्रपणे मोजावी आणि मोजणीची सुरुवात सर्वांत स्वस्त कडीपासून करावी.

साखळी मांडणे

आखणीच्या पहिल्याच बैठकीत पाच प्रश्न लिहून काढावेत. यंत्र प्रयोगशाळेत ठरल्याप्रमाणे चालते का? तेच यंत्र तिथल्या पाण्यावर, तिथल्या इंधनावर, तिथल्या विजेच्या दाबावर चालते का? ज्यांच्यासाठी ते आहे ते लोक ते रोज वापरतात का? वापरामुळे माणसाच्या शरीरापर्यंत पोहोचणारे जंतू, धूर किंवा उष्णता किती घटते? आणि ही घट रोग कमी होण्याइतकी मोठी आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना काही आठवडे आणि थोडा पैसा लागतो, तर शेवटच्या प्रश्नाला वर्षे आणि हजारो कुटुंबे. आधीच्या चारांची उत्तरे समाधानकारक आल्याशिवाय पाचव्यावर खर्च करू नये. निधीच पुरेसा नसेल, तर चौथ्या प्रश्नापाशी थांबून त्याचे नीट उत्तर देणे हे अर्धवट आरोग्य-चाचणीपेक्षा कितीतरी उपयुक्त संशोधन आहे. अभियंत्यांना हे कमीपणाचे वाटते. तसे वाटण्याचे कारण नाही.

मधल्या कड्या किती निर्णायक असतात हे चुलींवरील संशोधनात स्पष्ट दिसते. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात ५३४ कुटुंबांमध्ये धुराड्याच्या चुलींची चाचणी झाली. स्वयंपाकघरातील कार्बन मोनॉक्साइड सुमारे ९० टक्क्यांनी घटला, पण लहान मुलांच्या अंगावर बांधलेल्या मापकांनी नोंदवलेली घट साधारण निम्मीच होती, कारण मूल दिवसभर स्वयंपाकघरात नसते आणि धुराड्यातून बाहेर पडलेला धूर घराभोवतीच रेंगाळतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत डॉक्टरांनी निदान केलेल्या एकूण न्यूमोनियात संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस घट दिसली नाही, मात्र गंभीर न्यूमोनियात ती दिसली. संशोधकांनी प्रत्येक मुलाचा धुराशी आलेला संपर्क मोजलेला होता, म्हणूनच ‘संपर्क जितका कमी तितका न्यूमोनिया कमी’ हे नाते त्यांना दाखवता आले. केवळ चूल मिळालेली आणि न मिळालेली घरे यांची तुलना केली असती, तर हा धागा हाती लागला नसता. तेव्हा मापक भिंतीवर नव्हे, माणसावर बांधावा.

पुढे मलावीत १०,७५० मुलांवर पंख्याच्या चुलींची चाचणी झाली आणि २०१६ मध्ये न्यूमोनियात फरक नसल्याचे जाहीर झाले. चुली वारंवार नादुरुस्त होत होत्या, शिवाय जळणारा कचरा, तंबाखू असे धुराचे इतर स्रोत होतेच. त्यानंतर भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथील ३,२०० गर्भवती स्त्रियांच्या चाचणीत गॅसची शेगडी आणि सिलिंडर मोफत पुरवले गेले. वापर उत्तम झाला आणि स्त्रियांच्या श्वासावाटे जाणाऱ्या सूक्ष्म कणांचे मध्यक प्रमाण, गॅस न मिळालेल्या गटातील सुमारे ७१ च्या तुलनेत, २४ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर राहिले, तरीही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बाळांच्या जन्मवजनात फरक पडलेला नव्हता. हा निष्कर्ष निराशाजनक असला तरी अत्यंत मोलाचा आहे, कारण पहिल्या चारही कड्या शाबूत असल्याचे मोजमाप हाती असल्याने शंका थेट पाचव्या कडीवर येते.

मोजणी : जिथे बहुतेक अभ्यास घसरतात

पाण्याच्या बाबतीत वापर मोजण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे घरातल्या माठातील किंवा पिंपातील मुक्त अवशिष्ट क्लोरीन (पाण्यात उरलेला, अजूनही जंतू मारू शकणारा क्लोरीन) अचानक भेट देऊन तपासणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार सामू (पीएच) ८ पेक्षा कमी असताना, किमान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावा आणि पाणी घरी पोहोचते त्या ठिकाणी तो ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा. डीपीडी पद्धतीची चाचणी (ज्यात पाण्याला येणाऱ्या गुलाबी रंगावरून क्लोरीन मोजतात) जागेवरच करावी, कारण क्लोरीन वाहतुकीत आणि उन्हात झपाट्याने उडून जातो. जंतुतपासणीसाठी घेतलेल्या नमुन्याचे उलट आहे : बाटलीत सोडियम थायोसल्फेट नसेल तर उरलेला क्लोरीन प्रवासातही जंतू मारत राहतो आणि प्रयोगशाळेला पाणी प्रत्यक्षापेक्षा स्वच्छ दिसते. नमुने बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो सहा तासांत, आणि काही झाले तरी चोवीस तासांच्या आत तपासायला घ्यावेत. गाव लांब असेल तर प्रयोगशाळेची वाट पाहण्यापेक्षा फिरता उष्मायनपेटारा (नमुन्यातील जंतू ठरावीक उबेत वाढवून मोजण्याची पेटी) बाळगणे शहाणपणाचे. गढूळपणाची नोंद प्रत्येक नमुन्यासोबत हवी, कारण गढूळ पाण्यात क्लोरीनचा मोठा भाग गाळावरच खर्च होतो. आणि क्लोरीनने क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी सहजासहजी मरत नाहीत, याचे भान निष्कर्ष लिहिताना ठेवावे.

हवेसाठी स्वस्त प्रकाशविकिरण मापक (कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून कण मोजणारे) मोहक वाटतात, पण दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडे वाढून येतात. म्हणून अभ्यासाच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी प्रत्येक मापक वजनी गाळणपत्राच्या (गाळणपत्रावर साठलेल्या कणांचे वजन करणाऱ्या) उपकरणाशेजारी ठेवून जुळवून घ्यावा, आणि तोही त्याच ऋतूत, त्याच इंधनाच्या धुरात. कारखान्याने आधीच करून दिलेली अशी जुळवणी (अंशशोधन) इथे पुरत नाही. चुलीचा वापर मोजायला तिच्या अंगाला चिकटवलेला तापमान-नोंदक पुरेसा असतो. जुन्या चुलीवरही एक नोंदक अवश्य लावावा. नवी चूल आली म्हणून जुनी विझत नाही. दोन्ही शेजारी शेजारी पेटतात, आणि प्रश्नावलीत मात्र फक्त नवीच पेटते.

प्रश्नावलीचे दुखणे इतके मोठे आहे की त्यावर थोडे थांबणे भाग आहे. अतिसाराची रूढ व्याख्या ‘चोवीस तासांत तीन किंवा अधिक पातळ शौच’ अशी आहे आणि बहुतेक अभ्यास मागील सात दिवसांबद्दल आईला विचारतात. ज्या घराला फुकट यंत्र मिळाले, त्या घरातील आई आलेल्या पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून आजार कमी सांगते. यात लबाडी नसते, सौजन्य असते, पण आकडा बिघडतो. केनियात झालेल्या एका अभ्यासात तर वारंवार विचारणा केल्यानेच कुटुंबांचे वर्तन आणि सांगितला जाणारा अतिसार दोन्ही बदलल्याचे आढळले. यावर तीन उपाय करून पाहावेत. यंत्र बसवणारे आणि माहिती गोळा करणारे कर्मचारी पूर्णपणे वेगळे असावेत, आणि माहिती घेणाऱ्यांना कोणते घर कोणत्या गटात आहे हे शक्यतो ठाऊक नसावे. ज्या आजाराशी यंत्राचा संबंध असूच शकत नाही असा एखादा आजारही, उदाहरणार्थ खरचटणे किंवा जखम, विचारावा. तोही ‘कमी’ झालेला दिसला तर उत्तरे सौजन्याची आहेत असे समजावे. तिसरा उपाय अवघड असला तरी सर्वांत भक्कम आहे : नियंत्रण गटालाही (तुलनेसाठी ठेवलेल्या, उपाय न मिळणाऱ्या घरांनाही) दिसायला तसेच यंत्र देणे. ढाक्यात नळाच्या टाकीवर आपोआप क्लोरीन सोडणाऱ्या यंत्राच्या चाचणीत नियंत्रण गटाच्या यंत्रातून क्लोरीनऐवजी ‘क’ जीवनसत्त्व सोडले जात होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांमधील अतिसार २३ टक्क्यांनी कमी आढळला, आणि या आकड्यावर विश्वास बसतो तो त्या मांडणीमुळेच. शिवाय त्या यंत्राला घरच्या कोणाकडूनही रोजचे काम लागत नव्हते, ही रचनेची बाजूही दुर्लक्षू नये.

किती घरे, किती गावे

नमुन्याचा आकार ठरवताना हिशेब स्वतः एकदा हाताने करून पाहावा. एखाद्या वस्तीत दर भेटीला १० टक्के मुलांना अतिसार आढळत असेल आणि तो ७.५ टक्क्यांवर आल्याचे ५ टक्के सार्थकता-पातळीवर (खरा फरक नसताना तो दिसण्याची शक्यता ५ टक्के धरून) आणि खरा फरक असल्यास तो सापडण्याची ८० टक्के शक्यता राखून दाखवायचे असेल, तर प्रत्येक गटात साधारण २,००० मुले लागतात. पण यंत्र गावाला किंवा गल्लीला दिले जाते, एकेका मुलाला नव्हे. आणि एका गल्लीतील मुलांचे पाणी, शाळा, डास सगळे सारखे असल्याने ती एकमेकांसारखीच आजारी पडतात. दर गल्लीत २० मुले आणि गल्लीअंतर्गत सहसंबंध (एका गल्लीतील मुले किती एकसारखी आजारी पडतात याचे माप) ०.०५ धरला, तर आकार १ + (१९ × ०.०५) = १.९५ पट करावा लागतो, म्हणजे प्रत्येक गटात जवळपास ३,९०० मुले. पैसे मर्यादित असतील तर एका गावातील घरे वाढवण्याऐवजी गावांची संख्या वाढवावी. दोन गावांत यंत्र आणि दोन गावांत नाही अशी तुलना कितीही घरे मोजली तरी निष्कर्षाला पुरत नाही.

मूळ आजाराचे प्रमाण दुसऱ्या देशातून उसने घेऊ नये. पाणी, स्वच्छता आणि पोषण यांवर बांगलादेश व केनियात एकाच आराखड्याने झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत नियंत्रण गटातील अतिसार अनुक्रमे ५.७ आणि २७.१ टक्के होता. बांगलादेशात बहुतेक गटांत अतिसार घटला, केनियात घटला नाही. बांगलादेशात या उपायांचे प्रचारक महिन्यातून अनेकदा घरी जात आणि केनियात साधारण एकदा, हा फरकही विसरू नये. मुलांची उंची मात्र दोन्हीकडे पोषणाने थोडी वाढली, पाणी-स्वच्छतेने वाढली नाही.

हवामानाचा घटक

पावसाळ्यात पाणी गढूळ होते, अतिसार वाढतो, घरातच स्वयंपाक होतो आणि रस्ते बंद पडल्याने मोजणीचा संघच गावात पोहोचत नाही. त्यामुळे कोरड्या ऋतूत आधीची मोजणी आणि ओल्या ऋतूत नंतरची, किंवा उलट, अशी तुलना निरर्थक ठरते. दोन्ही गट एकाच आठवड्यात मोजावेत आणि किमान एक पूर्ण वर्ष मोजावेत. पुराने किंवा वादळाने अभ्यास खंडित झाला तर ती विदा (गोळा केलेली माहिती) फेकून देऊ नये, कारण यंत्र नेमके अशाच दिवसांत टिकते की नाही हे लोकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते.

उष्णतेच्या अभ्यासात आणखी एक सापळा आहे. उष्माघाताने झालेल्या मृत्यूंची नोंद क्वचितच तशी होते. प्रमाणपत्रावर हृदय किंवा मूत्रपिंड लिहिले जाते. अहमदाबादेतील मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेचे परिणाम संशोधकांनी सर्व कारणांच्या मृत्यूंची आजूबाजूच्या वर्षांतील त्याच महिन्याशी तुलना करून काढले, तेव्हा १,३४४ अतिरिक्त मृत्यू दिसले. तिथे २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा लागू झाला. छपराचा अभ्यास करणाऱ्याने केवळ हवेचे तापमान न मोजता आर्द्रता आणि तापलेल्या पत्र्याचे प्रारणही (पत्र्यातून फेकली जाणारी उष्णताही) मोजावे, आणि रात्रीचे आकडे स्वतंत्रपणे मांडावेत, कारण शरीराला उसंत मिळते ती रात्री.

परवानगी, अपाय आणि निघून जाण्याची तयारी

नैतिकता समितीची मान्यता आणि खुल्या नोंदवहीत विश्लेषणाच्या आराखड्याची आगाऊ नोंद हे विदा गोळा करण्यापूर्वी पूर्ण व्हावे. आकडे पाहून मुख्य निकष बदलण्याचा मोह त्यामुळे आटोक्यात राहतो. संमतिपत्र स्थानिक भाषेत मोठ्याने वाचून दाखवावे. एखाद्या घराचे पाणी दूषित आढळले, तर ते त्या घराला कधी आणि कोण सांगणार हेही आधीच ठरवावे.

अपायाचा शोध मुद्दाम घ्यावा लागतो. बांगलादेशात तळ्याच्या पाण्यातून होणारे आजार टाळण्यासाठी १९७० च्या दशकापासून उथळ कूपनलिका मोठ्या प्रमाणावर खोदल्या गेल्या. त्या पाण्यातील आर्सेनिक १९९० च्या दशकात उघडकीस आले, कारण तोवर ते कोणी तपासलेच नव्हते. आपल्या उपायाने कोणता नवा धोका येऊ शकतो, याची यादी रसायनतज्ज्ञ, डॉक्टर आणि वापरणारी व्यक्ती अशा तिघांकडून वेगवेगळी करून घ्यावी.

खर्चाच्या तक्त्यात यंत्राच्या किमतीबरोबर सुटे भाग, दुरुस्ती करणाऱ्याची मजुरी, रसायनाची वाहतूक आणि संशोधन संघाने न सांगता केलेली फुकटची डागडुजी या सर्वांची नोंद हवी. संघ निघून गेल्यावर क्लोरीन कोण आणणार, झडप बिघडली तर कोणाला बोलावणार आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यातून जाणार, हे ग्रामसभेत किंवा पालिकेत लेखी ठरवून घ्यावे. आणि शक्य असेल तर सहा महिन्यांनी व वर्षाने, पूर्वसूचना न देता, त्याच माठांतील क्लोरीन पुन्हा तपासावा.