जुन्या डेनिमच्या तुकड्यांतून पिसं कशी बनवावीत

जीन्सची उंची कमी केली की खालचे दोन पट्टे उरतात. गुडघ्यावर फाटली तरी पोटरीकडचं कापड धडधाकट असतं. या तुकड्यांची पिसं फार देखणी होतात, आणि त्याचं कारण डेनिमच्या विणीतच आहे. डेनिमचे उभे धागे निळीत रंगवलेले असतात, आडवे पांढरेच ठेवलेले असतात. निळा धागा सहसा तीन आडव्या धाग्यांवरून आणि मग एकाखालून जातो, म्हणून कापड पुढून निळं आणि मागून फिकट दिसतं. शिवाय नीळ धाग्याच्या वरच्या थरातच बसते, गाभा पांढरा राहतो. त्यामुळे दशा काढल्या की एकाच तुकड्यातून गडद निळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा मिळतात, वेगळा रंग लावावाच लागत नाही.

पानाचा आकार कापायचा आणि कडांना कात्रीने चिरा द्यायच्या, असं बरेच जण करतात. माझंही पहिलं पीस तसंच होतं. ते पानासारखं दिसलं आणि चिरलेल्या पट्ट्या दोन दिवसांत वेड्यावाकड्या उसवल्या. चूक धाग्यांच्या दिशेची होती. पिसाचा दांडा धाग्यांना तिरका, बरोबर ४५ अंशांवर आला पाहिजे. मग दांड्याच्या एका बाजूचे तंतू उभ्या धाग्यांचे होतात आणि दुसऱ्या बाजूचे आडव्या धाग्यांचे. म्हणजे अर्धं पीस निळं, अर्धं पांढरं, आणि दोन्हीकडचे तंतू खऱ्या पिसासारखे टोकाकडे झुकलेले.

कापड निवडताना हाताने ताणून पाहा. रबरासारखं ताणलं जात असेल तर बाजूला ठेवा. त्यातल्या लवचीक धाग्यांमुळे दशा आखडतात आणि गुंततात. पातळ ते मध्यम जाडीचं, बऱ्याच धुण्यांनी मऊ झालेलं कापड सर्वांत चांगलं. गडद आणि नवं कापड असेल तर आधी दोन-तीनदा वेगळं धुवा, नाहीतर त्याचा रंग बोटांना आणि भिंतीला लागतो. वाळल्यावर कडक इस्त्री करा.

आता दिशा शोधायची, आणि इथे घाई करू नका. डेनिमवर ज्या तिरप्या रेघा दिसतात त्या विणीच्या असतात. त्यांना ४५ अंशांची रेघ समजलात तर सगळं काम फसेल. तुकड्याच्या एका कडेतून एक निळा धागा आणि शेजारच्या कडेतून एक पांढरा धागा सुईने ओढून काढा. धागे निघाले की दोन सरळ कडा मिळतात. एक कड दुसरीवर येईल अशी घडी घाला. घडीची रेघ म्हणजेच पिसाचा दांडा. तिच्यावर शिंप्याच्या खडूने खूण करा.

कागदावर १५ सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद आकार काढा. टोक निमुळतं, पोट मध्यापेक्षा थोडं खाली. पंखातल्या मोठ्या पिसांचा दांडा अगदी मधोमध नसतो, एक बाजू अरुंद असते. तुम्हीही दांडा अर्धा सेंटिमीटर सरकवून पाहा, पीस लगेच जिवंत वाटू लागतं. आकार कापडावर टाचून कापा.

चिरा देण्याआधी दांडा पक्का करायचा. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची तार मागच्या बाजूने रेघेवर ठेवा, खाली ३ सेंटिमीटर बाहेर राहू द्या. मशीनवर तारेच्या दोन्ही बाजूंना सुई पडेल अशी झिगझॅग टीप सावकाश मारा. सुई तारेवर आदळली तर तुटते, म्हणून चाक हाताने फिरवलं तरी चालेल. मशीन नसेल तर तारेला वेढे देत हाताने जवळजवळ टाके घाला. बाहेरच्या तारेवर दोरा घट्ट गुंडाळला की देठ तयार.

मग धारदार कात्रीने कडेपासून दांड्याकडे चिरा द्या, प्रत्येक चीर धाग्याच्या रेषेत. दोन चिरांत ३ ते ४ मिलिमीटर अंतर ठेवा आणि दांड्याच्या टिपेपासून ४ मिलिमीटर आधी थांबा. आता पट्ट्यांमधले छोटे आडवे तुकडे सुईच्या टोकाने उचकटून काढायचे: निळ्या बाजूला पांढरे, पांढऱ्या बाजूला निळे. हे काम चिकाटीचं आहे, एका पिसाला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. पण सगळं उसवू नका. टोकाकडे बाहेरची निम्मीच पट्टी मोकळी करा, देठाजवळच्या ३ सेंटिमीटरमध्ये पूर्ण दशा काढा. खऱ्या पिसालाही देठाशी अशीच मऊ लव असते.

जुन्या टूथब्रशने दांड्याकडून बाहेर विंचरा. तंतू गुंतले तर ओढू नका, थोडं पाणी शिंपडून पुन्हा विंचरा. खऱ्या पिसाच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात, त्यांनी ते एकमेकांत अडकून राहतात आणि पातं सलग दिसतं. डेनिमला ती सोय नाही, म्हणून पांढरा गोंद आणि पाणी समप्रमाणात मिसळून मागच्या बाजूने, दांड्यालगतच्या एक सेंटिमीटरवर ब्रशने पातळ हात द्या. टोकांना गोंद लावला तर ती काड्यांसारखी कडक होतात. प्लॅस्टिकच्या कागदावर रात्रभर वाळू द्या.

वाळल्यावर कडा कात्रीने पुन्हा आकारात आणा आणि एक-दोन ठिकाणी लहान खाचा पाडा. तार हलकेच वाकवून पिसाला बाक द्या. इतकं झालं की पीस झुंबरात, पिशवीच्या बंदाला किंवा वहीत खूण म्हणून शोभतं.

पायाच्या दुहेरी टिपेच्या जाड शिवणीचंही पीस होतं. शिवण मधोमध ठेवून कापलं की दांडा आयताच मिळतो, तार लागत नाही. मात्र इथे धागे दांड्याला समांतर आणि काटकोनात असतात, म्हणून चिरा तिरक्या द्या आणि दशा फार काढू नका. ही पिसं जाडजूड दिसतात, पडद्याच्या बांधणीला बरी.

कानातल्यांसाठी ६ सेंटिमीटरची पिसं कापा आणि चिरांत २ मिलिमीटर अंतर ठेवा. जोडीतलं दुसरं पीस मात्र उलट्या तिरप्या दिशेने कापा. पहिल्याचं टोक उजवीकडे असेल तर दुसऱ्याचं डावीकडे, आणि कापडाची पुढची बाजू दोन्ही वेळा वरच. मग एकाची निळी बाजू डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे येते, आणि दोन्ही कानांत निळा रंग गालाकडेच राहतो.